पान दोनशे अकरावरची भुवई

गणित विभागाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, एक बाई बावीस वर्षं टाइप करत होत्या. खोलीला एकच खिडकी. ती उघडली की कागद उडायचे आणि लावली की शाईच्या वासाने डोकं धरायचं. बाईंनी डोकं धरणं पत्करलं होतं, कारण उडालेली चारशे पानं पुन्हा क्रमाने लावताना डोकं धरतंच, वर कंबरही धरते. टेबलावर टाइपरायटर, डावीकडे कार्बन कागदांची चळत, उजवीकडे काळ्या शाईची दौत, दोन टाक, एक गुण्या आणि चुका झाकायच्या पांढऱ्या रंगाची बाटली. ही बाटली तीन वर्षांपूर्वी आणलेली आणि अजून गळ्यापर्यंत भरलेली. बाई ती मुद्दाम दर्शनी ठेवायच्या, म्हणजे खोलीत येणाऱ्याची नजर आधी तिच्यावरच पडावी.

गर्व होता हो बाईंना! का नसावा? लोक सही करताना स्वतःच्या नावात चुकतात, आणि या बाईंनी न कळणारं गणित बावीस वर्षं न चुकता उतरवलं होतं.

आता टाइपरायटर असताना दौत आणि टाक कशाला, तर त्याला कारण सर. सरांचा विषय कॅटेगरी थिअरी, आणि तो विषय म्हणजे नुसते बाण. इकडून तिकडे बाण, तिकडून इकडे बाण, एका बाणाकडून दुसऱ्या बाणाकडे बाण. टाइपरायटरवर बाणाची कळ नसते. म्हणून बाई आधी अक्षरं टाइप करायच्या, मग पान बाहेर काढून, गुण्या लावून, एकेक बाण टाकाने काढायच्या, आणि कार्बनच्या प्रतीवरही तसेच. विद्यार्थी पाठीमागे त्यांना बाणवाल्या बाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि आवडायचंही, पण आवडतं असं दाखवलं की पोरं डोक्यावर बसतात, म्हणून त्या कायम कपाळाला आठ्या घालून असायच्या.

सरांना सगळा विभाग 'तेच नाही' म्हणायचा, कारण दिवसातून चाळीसदा ते हेच बोलायचे. शिपाईकाकांनी एकदा कप ठेवून सहज म्हटलं, "घ्या सर, रोजचाच चहा." झालं! सर म्हणाले, "रोजचाच कसा? कालचा चहा मी काल प्यायलो. हा तसलाच आहे, तोच नाही." त्या दिवसापासून शिपाईकाका "सर, रोजच्यासारखा चहा" असं म्हणूनच कप ठेवायला लागले. त्याला नऊ वर्षं झाली होती.

एकदा बाईंनीच धीर करून विचारलं, की सर, एवढे बाण काढते मी, पण हे आहे तरी काय?

सर खूश झाले. त्यांना असं विचारणारं कुणी भेटायचं नाही. म्हणाले, "बाई, वस्तू आतून कशी आहे ते विचारायचंच नाही. तिच्याकडे कोण कोण येतं, ती कुणाकुणाकडे जाते, एवढं नीट बघायचं. त्यावरून ती पुरती कळते."

"म्हणजे आमच्या गल्लीत सगळे करतात तेच."

"तेच नाही," सर म्हणाले. मग जरा थांबून, "पण बरंचसं तसलंच आहे."

तिथून पुढे सरांचं म्हणणं साधारण असं होतं. दोन गोष्टी एकच आहेत असं आपण उठसूट बोलतो. एकच म्हणू नका, सारख्या म्हणा; आणि सारख्या म्हणायच्या तर हिच्यातून तिच्यात कसं जायचं आणि परत कसं यायचं, तो रस्ता दाखवा, म्हणजे बाण काढा. बरं, असे दोन रस्ते निघाले तर? ते रस्तेही एकच म्हणू नका. एका रस्त्यावरून दुसऱ्यावर कसं जायचं, त्याचा बाण काढा. मग त्या बाणांचे बाण. असे वर वर किती मजले चढायचे, आणि शेवटी छातीवर हात ठेवून 'हे आणि हे एकच' असं म्हणता येतं की नाही, हा म्हणे गणिताच्या पायातलाच प्रश्न आहे. सर त्यावर तीस वर्षं एक पुस्तक लिहीत होते. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. प्रकाशकाने दोनदा मुदत वाढवली होती आणि तिसऱ्यांदा वाढवणार नाही असं स्पष्ट कळवलं होतं. आयुष्याचं एकच पुस्तक, ते या खेपेला गेलं नाही तर संपलंच.

'एकच'चं चिन्ह साधं. बरोबरचं, दोन आडव्या रेघा. ते टाइपरायटरवर होतं. 'सारखे'चं चिन्ह म्हणजे तीच दोन रेघांची जोडी, पण डोक्यावर एक नागमोडी रेघ. ती हाताने काढावी लागे. तिला काहीतरी भारदस्त नाव असणार, पण बाई तिला भुवई म्हणायच्या, कारण ती काढली की बरोबरचं चिन्ह "असं होय?" असं विचारल्यासारखं दिसायचं. पुस्तकाची पानं तीनशे ऐंशी, भुवया अकराशे चाळीस. बाईंनी मोजल्या होत्या.

घरी मात्र या कामाला कुणी विचारत नव्हतं. नवरा बिचारा भला माणूस, लोकांच्या भिंती रंगवायचा. त्याने एकदा विचारलं, "एवढं काय टाइप करतेस गं?"

"बरोबर म्हणजे काय, ते."

"मग कळलं का?"

"अजून सातवंच प्रकरण चाललंय."

"तुझ्या सरांना सांग," तो म्हणाला, "तोच डबा, तोच ब्रश, तरी भिंतीवरचं ठिगळ दिसतंच." बाईंनी हे दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, तर सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

सासूबाईंची गोष्ट वेगळी. त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमच्या सुनेचं काम सोपं हो. समोरचं बघायचं आणि तसंच उतरवायचं. डोकं लागत नाही. माझी मुलगी असती त्या जागी तर एव्हाना ऑफिस चालवलं असतं तिने." मुलगी लांबच्या शहरात होती आणि वर्षातून एकदा पत्र पाठवायची. पण औषधाची बाटली आणून हवी असली, पाय चेपून हवे असले, की सासूबाईंचा आवाज मऊ व्हायचा. "तू काय गं, माझी मुलगीच आहेस." बाई पाय चेपता चेपता मनात म्हणायच्या, मुलगीच? जायचा बाण तर रोज दिसतो, परतीचा कुठाय?

तर तो दिवस. पार्सल संध्याकाळी चारला निघायचं होतं. आठवं आणि नववं प्रकरण आधीच टाइप होऊन गठ्ठ्यात बांधलेलं होतं. सातव्याची शेवटची काही पानं राहिली होती. सर दाढ काढायला दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. जाताना गालाला रुमाल बांधून, एका बाजूने बोलत बजावून गेले होते, "बाई, मला विचारल्याशिवाय एक टिंबही बदलायचं नाही." हे ते बावीस वर्षं बजावत होते, आणि बावीस वर्षांत बाईंनी एक टिंबही बदललं नव्हतं.

पान दोनशे अकरावर पाच कोपऱ्यांची एक आकृती होती. चार गोष्टी एकापुढे एक जोडायच्या. आधी कुठल्या दोन जोडायच्या यावरून पाच तऱ्हा होतात, तर एकेका कोपऱ्यात एकेक तऱ्हा. पहिल्या कोपऱ्यातून शेवटच्या कोपऱ्यात जायला दोन वाटा. डावीकडून गेलं तर तीन बाण, उजवीकडून गेलं तर दोन. बाईंनी पाचही बाण काढले, वाळवले, आणि खालची ओळ टाइप करायला घेतली. सरांनी लिहिलं होतं: डावी वाट, बरोबरचं चिन्ह, उजवी वाट.

भुवई नव्हती.

बाई थबकल्या. मागची दोनशे दहा पानं हा माणूस जगाला ओरडून सांगतोय की बाबांनो, एकच म्हणू नका, आणि इथे स्वतःच म्हणतोय? विसरले असणार. दाढ ठणकत असताना माणूस बायकोचं नाव विसरतो, ही तर भुवई. विचारायला सर जागेवर नव्हते. घड्याळात साडेतीन झाले होते. शिपाईकाका दोरी आणि लाख घेऊन दारात उभे होते.

बाईंनी टाक बुडवला आणि भुवई काढली. छान निघाली, उजवीकडे किंचित वर गेलेली. चारला पार्सल गेलं.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. विभागाचं टपाल बाईच फोडायच्या. प्रकाशकाने पुस्तक एका जाणकाराला वाचायला दिलं होतं आणि त्याने लिहिलं होतं: "पान २११ वर दोन वाटा सारख्या आहेत असं आपण म्हणता, आणि २१२ पासून शेवटापर्यंत त्या एकच आहेत असं धरून चालता. यातलं कुठलं खरं? तीन आठवड्यांत कळवा, नाहीतर पुस्तक परत पाठवावं लागेल." पुढे आणखी बरंच होतं, आणि सोबत बारीक अक्षरातलं एक पान जोडलेलं होतं. बाईंनी ते वाचलंच नाही. २११ हा आकडा दिसला तिथेच त्यांनी पत्र मिटलं.

आपण केलं हे. तीस वर्षांचं पुस्तक, आणि आपल्या एका फटकाऱ्याने परत येणार! 

सर वर्गावर होते, बारापर्यंत. एक तास होता. बाईंनी कपाट उघडलं, सरांच्या हातचं मूळ पान काढलं. निळी शाई, डावीकडे झुकलेलं अक्षर. आणि मग त्यांच्या मनात ते आलं. इथे, या बरोबरच्या डोक्यावर, निळ्या शाईने एक रेघ. एवढीशी. मग काय, भुवई सरांनीच काढलेली ठरेल, पुढे चुकले तेही सरच, आणि बाई बिनचूकच्या बिनचूक. कुणाला कळणार आहे?

बाईंनी निळी दौत शोधली. आधी रद्दी कागदावर सराव केला. सरांच्या भुवया डावीकडून पडत पडत यायच्या, दमलेल्या माणसासारख्या. बाईंच्या हातून त्या उजवीकडे चढायच्या. दहा काढल्या, वीस काढल्या, तीस काढल्या. सगळ्या सरांच्यासारख्या. सरांची एकही नाही. "तेच नाही," असं बाई स्वतःशीच मोठ्याने म्हणाल्या आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी तो कागद बोळा करून टोपलीत टाकला, मग टोपलीतून काढून पर्समध्ये टाकला. शिपाईकाकांचा काय भरवसा!

बारा वाजून दहा मिनिटांनी बाई दुसऱ्या मजल्यावर सरांच्या खोलीत गेल्या. हातात पत्र, मूळ पान, कार्बनची प्रत, आणि पांढऱ्या रंगाची ती भरलेली बाटली. चारही गोष्टी त्यांनी टेबलावर मांडल्या.

"ही बाटली कशाला?" सरांनी विचारलं.

"आता माझ्या टेबलावर शोभत नाही ती," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, दोनशे अकरावर भुवई मी काढली. तुम्ही काढली नव्हती."

"काय काढली?"

"भुवई." बाईंनी बोटाने हवेत रेघ काढून दाखवली.

सरांनी मूळ पान पाहिलं, कार्बन पाहिला. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "बाई! मी बजावलं होतं ना? एक टिंबही नाही म्हणून? मी इथे बरोबरच लिहिलं होतं! विचार करून लिहिलं होतं!"

"हो सर."

"सगळं आठवं प्रकरण त्यावर उभं आहे!"

"हो सर. मला वाटलं, तुम्ही विसरलात."

सर काहीतरी भयंकर बोलणार होते, पण त्यांची नजर पत्राखालच्या बारीक अक्षरांच्या पानावर गेली. त्यांनी ते उचललं. वाचायला लागले. मग खुर्चीत बसले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बाई उभ्याच होत्या. एवढ्यात शिपाईकाका कप घेऊन आले, "सर, रोजच्यासारखा..." एवढं म्हणाले आणि दोघांचे चेहरे बघून आल्या पावली परत गेले.

"बाई," सर म्हणाले, "मी विसरलो नव्हतो."

"माहीत आहे सर. माझंच चुकलं."

"ऐका तरी. मी विसरलो नव्हतो. मी चुकलो होतो." त्यांनी ते पान बाईंसमोर धरलं, जणू त्यांना ते वाचता येणार होतं. "या माणसाने उदाहरण दिलंय. दोन वाटा सारख्या आहेत, एकच नाहीत. मधे आणखी एक बाण आहे, आणि तो मी फेकून दिला होता. तुमची ही भुवई नसती ना, तर त्याने पत्र पाठवून विचारलंच नसतं. चूक म्हणून नाकारलं असतं. तीस वर्षं मी लोकांना सांगतोय, एकच म्हणू नका. आणि मीच म्हणालो!" त्यांचा आवाज कापत होता. बाईंनी बावीस वर्षांत हा माणूस असा पाहिला नव्हता.

"पण तुम्हाला का वाटलं?" सरांनी विचारलं. "इथेच का?"

बाई घुटमळल्या. "हसाल तुम्ही."

"नाही हसणार."

"टाकाला शाई धरत नाही सर, बाणागणिक बुडवावा लागतो. डावीकडून जाताना तीनदा बुडवला आणि उजवीकडून दोनदा. पोचले तिथेच, पण तीनदा बुडवणं आणि दोनदा बुडवणं एकच कसं असेल? एवढंच."

सर हसले नाहीत. त्यांनी हळूच म्हटलं, "तीनदा आणि दोनदा," आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पुढचे तीन आठवडे सर रोज जिन्याखालच्या खोलीत येऊन बसले, कार्बनच्या खोक्यावर. आठव्या आणि नवव्या प्रकरणात बरोबरची चौसष्ट चिन्हं होती. प्रत्येकापाशी सर आकडेमोड करायचे, बाण जोडायचे, खोडायचे, आणि नंतर वर बघून विचारायचे, "भुवई?" बाई म्हणायच्या, "मला काय कळतं सर," आणि लगेच म्हणायच्या, "पण इथे हवी." एका ठिकाणी मात्र सरांनी उत्साहाच्या भरात भुवई काढली तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरला. "इथे नको. इथे तुम्ही त्याच बाणाचं नाव दोनदा घेतलंय. हे तेच आहे."

"तेच आहे," सर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून शिपाईकाकांच्या हातातला कप हिंदकळला.

पांढऱ्या रंगाची बाटली त्या तीन आठवड्यांत रिकामी झाली. बाईंनी दुसरी मागवली.

शेवटी प्रस्तावना राहिली. सरांच्या आजवरच्या सगळ्या लेखांखाली एकच ओळ असायची, 'टंकलेखनाबद्दल बाईंचे आभार.' ती बाई न बघताही टाइप करायच्या. या वेळी सरांनी लिहून आणलं होतं: 'पान २११ वरची दुरुस्ती बाईंनी केली.'

बाईंनी हात मशिनवरून काढून घेतले. "हे नाही जमायचं सर. दुरुस्ती म्हणजे चूक कळून केलेली. मला कुठे कळलं होतं? मी नियम मोडला. ती चूकच. ती बरोबर निघाली ही गोष्ट वेगळी."

"अहो, काय फरक आहे? शेवटी तेच ना?"

बाई नुसत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. सरांच्या लक्षात यायला चार-पाच सेकंद लागले. मग ते असे हसले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी जिन्यात येऊन डोकावलं. त्यांनी ओळ खोडली आणि तिथेच, खोक्यावर बसून, नवी लिहिली.

पुस्तक थंडीत छापून आलं. बाई एक प्रत घरी घेऊन गेल्या. नवऱ्याने हात धुऊन, पुसून, तरी बोटांना थोडा रंग राहिलाच होता, प्रस्तावना मोठ्याने वाचली: "पान २११ वर माझी चूक झाली, आणि टाइप करताना बाईंचीही झाली. माझ्या चुकीने हे पुस्तक पडलं असतं. त्यांच्या चुकीने ते उभं राहिलं."

"अगंबाई!" सासूबाई पलंगावर उठून बसल्या. "म्हणजे चूक केलीस ती केलीस, आणि वर छापून आली?"

"हो आई."

"बघू कुठाय ती." बाईंनी पान काढून दिलं. सासूबाईंनी औषधाच्या चिठ्ठ्या वाचायचं भिंग लावलं आणि बराच वेळ शोधलं. "ही? ही तर डासाच्या तंगडीएवढी आहे."

"तेवढीच."

"कुणी सांगितली होती काढायला?"

"कुणीच नाही."

"मग? आपल्या डोक्याने काढलीस?"

"हो आई. आपल्या डोक्याने."

सासूबाईंनी भिंग खाली ठेवलं. पुस्तक मांडीवर ठेवून बसून राहिल्या. तेवढ्यात शेजारीण कात्री परत द्यायला आली. तिला सासूबाईंनी हात धरून बसवलं, भिंग दिलं, तंगडी दाखवली, आणि हिच्यावाचून तीस वर्षांचं पुस्तक कसं आडवं झालं असतं ते असं सांगितलं की जणू त्या स्वतः खोक्यावर बसून होत्या. शेजारीण कौतुकाने म्हणाली, "भाग्यवान आहात हो. सून नाही, मुलगीच मिळाली तुम्हाला."

"मुलगी कसली?" सासूबाई ताडकन म्हणाल्या. "मुलगी आहे तिकडे तिच्या घरी. तिला सात जन्मांत हे जमायचं नाही. ही सून आहे माझी."

बाई औषधाचा चमचा हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्या तशाच उभ्या राहिल्या. शेजारीण गेल्यावर सासूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, भिंत धरत धरत स्वयंपाकघरात गेल्या, तिथे त्यांनी दोन भांडी पाडली, आणि दहा मिनिटांनी एक कप घेऊन बाहेर आल्या. वीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच सुनेसाठी चहा केला होता.

"घे," त्या म्हणाल्या. "तुझ्यासारखा नाही झालेला. साखर जास्त पडलीय."

बाई खुर्चीवर बसल्या आणि तो गोडमिट्ट चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.